मागणी, वसुली आणि बाकी

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू वैतागून म्हणालास, "आई, वॉशिंग्टनची चाळीस पत्रं वाचली, सगळ्यांत एकच रडगाणं." खरं आहे, रडगाणंच आहे. १७८३ ते १७८७ या काळात, म्हणजे इंग्रजांविरुद्धचं अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध संपत आल्यापासून नवी राज्यघटना होईपर्यंत, हा सेनापती आधी छावणीतून आणि मग माउंट व्हर्ननला आपल्या घरी बसून मित्रांना तेच ते लिहितो: सरकारला ताकद नाही, सरकारला ताकद द्या. पण ते रडगाणं कशाचं आहे हे एकदा कानात बसलं की तुझं टिपण लिहून होईल. फोनवर सगळं सांगून झालं नाही, म्हणून हे पत्र.

तू कच्च्या मसुद्यात 'केंद्र-राज्य संबंधांची तात्त्विक चर्चा' असा मथळा घातला आहेस. तो काढ. वॉशिंग्टन तत्त्वज्ञ नव्हता आणि तसा आवही त्याने कधी आणला नाही. त्याची पत्रं हिशेबाची आहेत. तलाठ्याच्या दप्तरात मागणी, वसुली आणि बाकी असा जमाखर्च असतो ना, तो डोळ्यांसमोर ठेव. तेव्हाच्या अमेरिकेत मागणीचा रकाना काँग्रेसच्या हातात होता, वसुलीचा राज्यांच्या हातात, आणि बाकीच्या रकान्यात वॉशिंग्टनची फौज अनवाणी उभी होती.

आधी राज्यांना एकत्र बांधणारा तो पहिला करार समजून घे. आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन काँग्रेसने नोव्हेंबर १७७७मध्ये मंजूर केले आणि ते १ मार्च १७८१ला अंमलात आले. तेरा राज्यं, लहान असो की मोठं, प्रत्येकाला एक मत. मोठ्या निर्णयाला नऊ राज्यांची संमती लागायची, कराराच्या दुरुस्तीला तेराच्या तेरा. कार्यकारी प्रमुख नाही, देशभर चालणारी न्यायव्यवस्था नाही, व्यापारावर नियंत्रण नाही आणि कर बसवायचा अधिकार तर नाहीच. काँग्रेसने खर्चाचा आकडा काढायचा, तो राज्यांत वाटून द्यायचा आणि वाट बघत बसायचं. राज्याने आपल्या विधिमंडळात कर बसवायचा, आपल्या माणसांकडून गोळा करायचा आणि जमलं तर पाठवायचा. ऑक्टोबर १७८१मध्ये काँग्रेसने पुढच्या वर्षासाठी ८० लाख डॉलर मागितले. १७८४ उजाडलं तरी १५ लाखसुद्धा जमा झाले नव्हते.

राज्यं नुसती चिक्कू होती असं लिहू नकोस. प्रत्येकावर स्वतःचं युद्धकर्ज होतं आणि प्रत्येकाला खात्री होती की आपण शेजाऱ्यापेक्षा जास्त सोसलंय. त्यात न देणाऱ्याला काहीही होत नव्हतं. सोसायटीत मेंटेनन्स थकवणाऱ्याचं कोणी वाकडं करत नाही असं दिसलं की नेमाने भरणाराही पुढच्या तिमाहीला हात आखडता घेतो, तसंच. म्हणजे दोष माणसांच्या स्वभावात जेवढा होता तेवढाच रचनेतही होता. वॉशिंग्टनला हे फार लवकर उमगलं.

यावर उपाय म्हणून काँग्रेसने १७८१मध्येच सुचवलं की परदेशातून येणाऱ्या मालावर ५ टक्के जकात आम्हाला थेट घेऊ द्या. बारा राज्यं हळूहळू वळली, पण १७८२च्या नोव्हेंबरात एकट्या ऱ्होड आयलंडने नाही म्हटलं आणि प्रकरण बारगळलं. १७८३मध्ये तीच जकात २५ वर्षांची मुदत घालून पुन्हा मांडली. या वेळी १७८६मध्ये न्यूयॉर्कने मोडता घातला. हे ५ टक्के लक्षात ठेव, शेवटी लागतील.

आता पहिलं पत्र घे, ३१ मार्च १७८३चं, तेव्हा काँग्रेसमध्ये असलेल्या अलेक्झांडर हॅमिल्टनला लिहिलेलं. त्याच महिन्यात न्यूबर्गच्या छावणीत पगार थकलेले अधिकारी काँग्रेसवर उठायच्या बेतात होते आणि वॉशिंग्टनने त्यांना कसंबसं शांत केलं होतं. ते ताजं असताना तो लिहितो की काँग्रेसच्या हाती अधिकार नसल्यामुळेच युद्ध लांबलं. सेनापती म्हणून मला आलेल्या अडचणींपैकी अर्ध्याहून जास्त आणि फौजेच्या हालांपैकी जवळजवळ सगळे इथूनच उगम पावले. वाक्याची घडण बघ. तो स्वातंत्र्याच्या संकल्पनेपासून सुरुवात करत नाही, हालांपासून करतो.

पुढचं पत्र माझ्या आवडीचं आहे. बेंजामिन हॅरिसन तेव्हा व्हर्जिनियाचा गव्हर्नर होता. त्याला १८ जानेवारी १७८४ला लिहिलेलं. अर्धपोटी, लंगडणारं, कायम कुबड्यांवर चालणारं आणि पावलोपावली झोकांड्या खाणारं सरकार, असं वर्णन त्यात आहे. हा अलंकार वाटतो, पण तारीख बघ. चारच दिवस आधी, १४ जानेवारीला, ॲनापोलिसमध्ये काँग्रेसने इंग्लंडबरोबरच्या तहावर शिक्कामोर्तब केलं होतं. तहाला नऊ राज्यांची संमती हवी आणि सभागृहात नऊ राज्यांचे प्रतिनिधी जमेनात, म्हणून ज्या तहाने देश जन्माला आला तोच आठवडेच्या आठवडे खोळंबला होता. लंगडणं हे असं अक्षरशः होतं.

१७८५मधली दोन पत्रं जोडीने वाच. ऑक्टोबरात मॅसॅच्युसेट्सच्या जेम्स वॉरनला तो लिहितो की हा संघ म्हणजे सावली आहे, आत देह नाही. पण त्याच पत्रात पुढे जे आहे ते कोणी उद्धृत करत नाही आणि तुला तेच हवं आहे. तो म्हणतो, राज्यकर्ते आपणच निवडलेले, थोड्या मुदतीचे, प्रत्येक कृतीला जबाबदार, वाटेल तेव्हा परत बोलावता येणारे. तरी त्यांच्या हाती पुरेसा अधिकार द्यायला आपण घाबरतो, ही केवढी विलक्षण गोष्ट. म्हणजे त्याच्या लेखी बळकट सरकार आणि जुलमी सरकार हे एकाच दोरीचं कमीजास्त अंतर नव्हतं. मुदत, जबाबदारी आणि परत बोलावण्याची सोय ही लगामाची बाजू, अधिकार ही घोड्याची. लगाम भक्कम आहे म्हणून घोडा उपाशी ठेवायचा, यात त्याला वेडेपणा दिसत होता. (ही उपमा माझी आहे, त्याच्या नावावर खपवू नकोस.)

३० नोव्हेंबरचं, व्हर्जिनियाच्या विधिमंडळातल्या जेम्स मॅडिसनला लिहिलेलं पत्र काँग्रेसला व्यापाराचे नियम करू द्यावेत की नाही, या व्हर्जिनियातल्या वादावर आहे. एक तर आपण एक लोक आहोत, नाहीतर नाही. असू तर सगळ्यांच्या सामायिक बाबींत राष्ट्रासारखे वागू. नसू तर हे सोंग पुरे करू. एवढंच. यावर पानभर भाष्य करू नकोस.

ऑगस्ट १७८६चं जॉन जेला लिहिलेलं पत्र मात्र दोनदा वाच. जे तेव्हा परराष्ट्र खात्याचा सचिव होता. इंग्रजांनी तहाप्रमाणे सरहद्दीवरचे किल्ले सोडले नव्हते आणि अमेरिकेच्या राज्यांनीही इंग्रज सावकारांची कर्जं बुडवून तह मोडला होता, अशी नामुष्कीची परिस्थिती. वॉशिंग्टन सरळ कबूल करतो की आपण हा संघ रचताना माणसाच्या स्वभावाबद्दल जरा जास्तच चांगलं मत धरलं. मग मागण्यांचा विषय येतो: तेरा स्वतंत्र, सार्वभौम, फाटाफूट झालेली राज्यं ज्या मागण्यांवर चर्चा करतात आणि मर्जीप्रमाणे नाकारतात, त्या मागण्या म्हणजे शून्य. आणि तुझ्या टिपणाचा कणा ठरेल ते वाक्य याच पत्रात आहे. राज्यांची सत्ता जशी आपापल्या हद्दीत सर्वत्र पोचते, तितक्याच जोमाने सगळ्या संघात पोचणारी सत्ता कुठेतरी ठेवल्याशिवाय आपण राष्ट्र म्हणून फार दिवस टिकू असं मला वाटत नाही. 'पोचणारी' या शब्दावर रेघ मार. त्याला मोठी सत्ता मागायची नाहीये, पोचणारी मागायची आहे. याच पत्रात तो भीतीही बोलून दाखवतो: भली माणसंही आता राजेशाहीचं नाव न कचरता घेऊ लागलीत; मनात आलेलं तोंडी येतं आणि तिथून कृती एका पावलावर असते. दुबळं सरकार लोकांना राजाच्या दारात नेऊन सोडेल, अशी ही धास्ती आहे.

एक सांगायचं राहिलं. या पत्रांतले शब्द आजच्या अर्थाने वाचलेस तर घोटाळा होईल. 'काँग्रेस' म्हणजे आजची दोन सभागृहं नव्हेत, राज्यांच्या प्रतिनिधींची एक बैठक. 'प्रेसिडेंट' आला तर तो त्या बैठकीचा अध्यक्ष, राष्ट्राध्यक्ष नव्हे. सगळ्यात फसवा शब्द 'कॉन्स्टिट्यूशन'. सप्टेंबर १७८७च्या आधीच्या पत्रात तो आला की बहुतेक वेळा जुनाच करार म्हणायचा असतो. ३१ मार्च १७८७ला वॉशिंग्टन मॅडिसनला लिहितो की वेळ मारून नेणारे तात्पुरते उपाय नकोत, कॉन्स्टिट्यूशनमधल्या दोषांचा तळ गाठा आणि मुळापासून इलाज करा. त्या दिवशी नवी राज्यघटना अस्तित्वातच नव्हती. तू मसुद्यात हे वाक्य 'घटनेतील दोष' म्हणून घेतलं आहेस आणि पुढे त्यावर परिच्छेद रचला आहेस. तो परिच्छेद पडला.

आता हेन्री लीला लिहिलेलं ३१ ऑक्टोबर १७८६चं पत्र. चार शब्दांसाठी प्रसिद्ध आहे आणि त्या चार शब्दांनीच त्याचं नुकसान केलं. मॅसॅच्युसेट्समध्ये शेतकरी उठले होते. राज्याने जड कर बसवले होते, तेही नाण्यांत भरायचे, आणि नाणं गावाकडे दिसत नव्हतं. कर्जापायी कोर्ट जमिनीवर जप्ती आणायचं, म्हणून ऑगस्टच्या अखेरीपासून जमावांनी कोर्टांची दारंच अडवायला सुरुवात केली. डॅनियल शेजचं नाव या बंडाला चिकटलं. ली न्यूयॉर्कला काँग्रेसमध्ये होता. त्याने लिहिलं की तुमचं वजन वापरा, लोक तुमचं ऐकतील. वॉशिंग्टनचं उत्तर: वजन म्हणजे सरकार नव्हे.

बहुतेक लोक इथे थांबतात आणि वॉशिंग्टनला दंडुक्याची भाषा बोलणारा ठरवतात. तू खालच्या ओळी वाच. तिथे त्याने पायऱ्या सांगितल्या आहेत. बंड करणाऱ्यांना नेमकं काय हवंय ते आधी काढा. त्यांच्या तक्रारी खऱ्या असतील तर शक्य असेल तर निवारा. निवारता येत नसतील तर त्या रास्त आहेत हे मान्य करा आणि सध्या आमच्याकडून होत नाही हेही कबूल करा. तक्रारी खऱ्या नसतील तर सरकारचं बळ लगेच वापरा. आणि ते बळ कमी पडलं, तर निदान सगळ्यांना कळेल की इमारतीला आधार हवा आहे. क्रम बघ: चौकशी, निवारण, कबुली आणि मग बळ. वजनाला त्याचा आक्षेप का, हेही यातूनच कळतं. वजन माणसाबरोबर येतं आणि माणसाबरोबर जातं. त्याच्यासारखा माणूस दुसऱ्या राज्यात जाऊन शब्द टाकेल आणि जमाव पांगेल, पण तक्रार तशीच राहील आणि पुढच्या वेळी शब्द टाकायला कोण असेल याचा भरवसा नाही.

पण इथेच त्याची चूकही दाखव, नाहीतर टिपण आरती होईल. हेन्री नॉक्स हा त्याचा जुना तोफखाना-सरदार, आता युद्धखात्याचा सचिव. त्याने २३ ऑक्टोबरला लिहिलं की बंडवाल्यांचा पंथच असा आहे की इंग्रजांपासून मालमत्ता सगळ्यांनी मिळून वाचवली, म्हणून ती सगळ्यांची सामायिक. शिवाय न्यू इंग्लंडमधली अशी माणसं एकत्र केली तर १२ ते १५ हजार भरतील. वॉशिंग्टनने या पत्रातला उतारा ५ नोव्हेंबरला मॅडिसनला जसाच्या तसा कळवला. प्रत्यक्षात शेतकऱ्यांच्या ठरावांत जमीन वाटून घेण्याची मागणी नव्हती. कर, कोर्टाचा खर्च आणि नाण्यांची टंचाई हे त्यांचं गाऱ्हाणं होतं. २५ जानेवारी १७८७ला स्प्रिंगफिल्डच्या शस्त्रागारावर चाल करून गेलेली माणसंही नॉक्सच्या आकड्याच्या आसपास नव्हती. तोफा डागल्यावर चार माणसं मेली आणि बाकीचे पांगले. नॉक्सने मुद्दाम वाढवून सांगितलं की घाबरून, यावर मतं आहेत. मला वाटतं दोन्ही थोडं थोडं. पण नेमकं काय हवंय ते आधी काढा असं लीला बजावणारा माणूस स्वतः मात्र एका मित्राच्या पत्रावर विसंबला, हे लिहिलंच पाहिजे. खासगी पत्रांच्या अभ्यासात प्रत्येक माहितीपाशी हा प्रश्न विचारायचा: हे याला कोणी सांगितलं?

बंडाचा खरा धडा पुन्हा त्या जमाखर्चाचाच. स्प्रिंगफिल्डचं शस्त्रागार सगळ्या संघाचं होतं. ते राखायला काँग्रेसने आणखी १,३४० शिपाई घ्यायचा ठराव केला, कारण मात्र सरहद्दीवरच्या इंडियन, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या, टोळ्यांचं दाखवलं. पैसे राज्यांकडून यायचे होते, म्हणजे जवळजवळ आलेच नाहीत. शेवटी मॅसॅच्युसेट्सने स्वतःची फौज पाठवली, आणि त्या राज्याच्या तिजोरीतही पैसा नसल्याने खर्च बॉस्टनच्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून भागवला. वर्गणीवर चालणारी फौज! वॉशिंग्टनला घाम फुटला तो इथे.

डिसेंबर १७८६ ते मार्च १७८७ हे चार महिने म्हणजे 'जाऊ की नको' चा घोळ. सप्टेंबर १७८६मध्ये ॲनापोलिसला पाच राज्यांचे १२ प्रतिनिधी जमले आणि पुढच्या मे महिन्यात करार सुधारायला सगळ्यांनी फिलाडेल्फियाला यावं असं ठरवून परतले. व्हर्जिनियाने ४ डिसेंबरला वॉशिंग्टनचं नाव यादीत वर घातलं. त्याने नाही म्हटलं. कारण ऐकशील तर हसशील: युद्धातल्या अधिकाऱ्यांची सिन्सिनाटी नावाची संघटना होती, तो तिचा अध्यक्ष, आणि तिची सभाही त्याच महिन्यात त्याच शहरात होती. त्या सभेला येणार नाही असं त्याने आधीच सगळीकडे कळवलं होतं. आता त्याच गावात दुसऱ्या कामाला जाणं बरं दिसेना. त्यात संधिवात आणि 'आता सार्वजनिक आयुष्यातून निवृत्त' असं जाहीर दिलेलं वचन. मग जुना सहायक डेव्हिड हम्फ्रीज याला पत्र, नॉक्सला पत्र: लोक काय म्हणताहेत ते खासगीत कळवा. ८ मार्चला तो नॉक्सला विचारतो की मी गेलो नाही तर मी प्रजासत्ताकाला पाठ दाखवली असं तर समजणार नाहीत ना? २८ मार्चला व्हर्जिनियाचा गव्हर्नर रँडॉल्फ याला होकार गेला. या पत्रांत नावाला जपणारा, काहीसा भिडस्त माणूस दिसतो. तो लपवू नकोस. त्याचं नाव हीच त्या सभेची पत होती आणि ते त्याला ठाऊक होतं.

आणि आता एक कागद, जो पत्र नाही. जाण्याआधी वॉशिंग्टनने जॉन जे, नॉक्स आणि मॅडिसन यांच्या तीन पत्रांचे गोषवारे स्वतःच्या हाताने उतरवून काढले. परीक्षेच्या आदल्या रात्री पोरं काढतात तसे. जेचं पत्र ७ जानेवारीचं: कायदे काँग्रेसने करावेत, अंमल दुसऱ्यांनी, न्याय तिसऱ्यांनी, वर एक गव्हर्नर-जनरल, अधिकार आणि मुदत बांधलेली. नॉक्सचं १४ जानेवारीचं: गव्हर्नर-जनरल सात वर्षांचा. मॅडिसनचं १६ एप्रिलचं सगळ्यात लांब पल्ल्याचं: प्रतिनिधी लोकसंख्येच्या प्रमाणात, राज्यांच्या कायद्यांवर केंद्राचा नकाराधिकार, दोन सभागृहं, वेगळा कार्यकारी प्रमुख, आणि मंजुरी थेट लोकांकडून. वॉशिंग्टन काय विचार करत होता हे हवं असेल तर त्याने काय उतरवून घेतलं ते बघ.

मॅडिसनच्या या पत्रात एका प्रश्नाचं उत्तर आहे आणि तो प्रश्न वॉशिंग्टनने ३१ मार्चच्या पत्रात टाकला होता. सक्तीचं साधन नसेल तर कोणतंही मध्यवर्ती सरकार हुकूम पाळून घेऊ शकेल का, अशी शंका तो काढतो. आणि मग स्वतःच म्हणतो: पण सक्ती कोणत्या प्रकारची, असं तुम्ही विचाराल, याला विचार लागेल. पुढे काही नाही. त्याच्याकडे उत्तर नव्हतं! सेनापतीला राज्यावर फौज पाठवणं सुचणं सोपं होतं, पण पैसे न देणाऱ्या राज्यावर फौज पाठवायची म्हणजे युद्धच. मॅडिसनने वाट काढली: बऱ्याच महत्त्वाच्या बाबींत राज्यांना हुकूम द्यायचेच नाहीत. राज्यांच्या मध्यस्थीशिवाय सरकारने थेट माणसांवर अंमल करावा. व्यापाऱ्याने जकात बुडवली तर त्या व्यापाऱ्यावर कोर्टात दावा होतो, त्यासाठी राज्याशी लढावं लागत नाही. सगळ्या घटनेचं यंत्र या एका पेचावर फिरतं. तुझ्या टिपणाची अर्धी जागा याला दे.

फिलाडेल्फियाच्या सभेचा इतिहास तुला येतो, तो टाळ. १४ मेची वेळ, पुरेशी राज्यं जमायला २५ मे, ५५ जण आले-गेले, ऱ्होड आयलंडने तोंडही दाखवलं नाही, १७ सप्टेंबरला नव्या घटनेवर ३९ सह्या. कामकाज गुप्त असल्याने वॉशिंग्टनची त्या चार महिन्यांतली पत्रं कोरडी आहेत. अपवाद १० जुलैचा. लहान-मोठ्या राज्यांचं जागावाटपावरून जुंपलं होतं आणि हॅमिल्टन गावी निघून गेला होता. त्याला वॉशिंग्टन लिहितो की काही चांगलं निष्पन्न होईल ही आशा मी जवळजवळ सोडली आहे, या कामात पडलो याचा पश्चात्ताप होतो. तुम्ही परत या. सहा दिवसांनी जागावाटपाची तडजोड झाली.

सभेनंतरच्या कागदांत एक सापळा आहे. १७ सप्टेंबरचं, वॉशिंग्टनच्या सहीचं, घटनेसोबत काँग्रेसला पाठवलेलं पत्र खासगी नाही. सभेचा अध्यक्ष म्हणून त्याची सही आहे, मजकूर गव्हर्नर मॉरिसचा. (गव्हर्नर हे त्याचं नाव, हुद्दा नव्हे, तू एकदा घोटाळा केलायस.) तसंच जून १७८३चं राज्यांना पाठवलेलं परिपत्रकही जाहीर. खासगी पत्रात तो काय म्हणतो आणि जाहीर कागदात काय, यातलं अंतर मोजायचं असेल तर दोन्हींची सरमिसळ करून चालणार नाही. अंतर त्याला स्वतःला किती महत्त्वाचं होतं ते चार्ल्स कार्टरच्या प्रकरणात दिसतं. डिसेंबर १७८७मध्ये कार्टरला लिहिलेल्या पत्रातला घटनेबद्दलचा मजकूर व्हर्जिनियाच्या वर्तमानपत्रात छापून आला आणि तिथून इतरांनी उचलला. वॉशिंग्टन वैतागला. घाईत लिहिलेलं खासगी पत्र छापलं जाईल अशी कल्पना असती तर विचारांना जरा नीट कपडे घातले असते, अशा अर्थाचं त्याने कार्टरला कळवलं. आपलं सुदैव की बाकीच्या पत्रांना कपडे घातलेले नाहीत.

निदान त्याने तरी नाही. दुसऱ्यांनी घातले. तू ग्रंथालयातला जुना संच वापरतोयस तो जेरेड स्पार्क्सच्या संपादनाचा असेल तर आधी बाजूला ठेव. १८३०च्या दशकात त्याने बारा खंड काढले आणि वॉशिंग्टनची भाषा 'सुधारली'. एका रकमेला वॉशिंग्टन पिसूचा चावा म्हणाला होता, स्पार्क्सने तिथे 'आमच्या गरजांना सर्वस्वी अपुरी' असं घातलं. शिवाय हा गृहस्थ मूळ कागदांचे तुकडे कापून हस्ताक्षराचे नमुने म्हणून लोकांना वाटायचा. फाउंडर्स ऑनलाइन या संकेतस्थळावर मूळ पाठ फुकट आहे, त्यावरूनच अवतरणं घे. तारखाही तिथूनच: जेला लिहिलेलं ते पत्र जुन्या पुस्तकांत १ ऑगस्ट म्हणून येतं, नव्या संपादनात १५ ऑगस्ट. टिपणात दोन ठिकाणी दोन तारखा आल्या तर परीक्षक एकाच पत्राची दोन पत्रं केलीस म्हणेल.

स्वार्थाचं काय, असं तू विचारलं होतंस. होता. ओहायो आणि कनावा नद्यांच्या काठी त्याच्या हजारो एकर जमिनी होत्या, पोटोमॅक नदीत नौकानयनाची सोय करणाऱ्या कंपनीचा तो अध्यक्ष होता, आणि १७८५ची व्हर्जिनिया-मेरिलंडची नदीविषयक बोलणी त्याच्याच घरी पार पडली. १० ऑक्टोबर १७८४ला तो हॅरिसनला लिहितो की पश्चिमेकडचे वसाहतवाले जणू खुंटीवर तोललेले आहेत, पिसाच्या स्पर्शानेही कोणत्याही बाजूला वळतील. यात देशाची काळजी आहे आणि जमिनीच्या भावाचीही. आणि या पत्रांत 'जीवित, स्वातंत्र्य, मालमत्ता' असं येतं तेव्हा माउंट व्हर्ननवर राबणारे दोनशेहून अधिक गुलाम त्या तिसऱ्या शब्दात मोडत होते. रॉबर्ट मॉरिसला एप्रिल १७८६मध्ये तो लिहितो की गुलामगिरी कायद्याने संपावी अशी माझी इच्छा आहे. पण बळकट सरकारने ते करावं असं या काळातल्या एकाही पत्रात तो सुचवत नाही. हे मौनही नोंदव, एका ओळीत, आवाज न चढवता.

मंजुरीच्या वादाच्या वेळचं एकच पत्र घे, पुतण्या बुशरॉडला १० नोव्हेंबर १७८७ला लिहिलेलं. घटनेत उणिवा आहेत हे तो तिथे मान्य करतो आणि दुरुस्तीची वाट ठेवली आहे हे दाखवतो: आमच्यानंतर येणाऱ्यांपेक्षा आम्हाला जास्त प्रेरणा, शहाणपण किंवा सचोटी लाभली आहे असं मला वाटत नाही. घरातल्या पोराला लिहिताना त्याचा सूर किती वेगळा लागतो बघ. व्हर्जिनियात ८९ विरुद्ध ७९, न्यूयॉर्कमध्ये ३० विरुद्ध २७ अशी मतं पडली. ऱ्होड आयलंड १७९०च्या मेमध्ये आलं, ३४ विरुद्ध ३२.

शेवट कुठे करू, असं विचारत होतास. शपथविधीवर करू नकोस, सगळे तिथेच करतात. ४ जुलै १७८९ला राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनने पहिल्या जकात कायद्यावर सही केली. ज्या मालाला वेगळा दर लावलेला नाही अशा बहुतेक सगळ्या आयातीवर दर होता ५ टक्के. ऱ्होड आयलंडने बुडवलेला तोच. फरक इतकाच की आता तो बंदरात उभा असलेला सरकारचा माणूस जहाजाच्या मालकाकडून घेणार होता. ऑगस्टच्या सुरुवातीला वॉशिंग्टनने बंदरांवरच्या अशा शंभरेक माणसांची नावं सिनेटकडे धाडली. सिनेटने ५ ऑगस्टला त्यातलं एक, सव्हाना बंदरासाठी सुचवलेलं बेंजामिन फिशबर्नचं, फेटाळलं. दुसऱ्या दिवशी वॉशिंग्टनने नवं नाव पाठवलं आणि सोबत लिहिलं की पुढच्या वेळी नाव योग्य वाटलं नाही तर फेटाळण्याआधी मला विचारलंत तर बरं. ते पत्र सरकारी आहे, खासगी नव्हे. पण हॅरिसनला लिहिलेल्या त्या लंगड्या सरकारच्या पत्राशेजारी ठेवून वाच.

मसुदा पुन्हा पाठव. या वेळी तारखा लाल पेनाने तपासून.

तुझी,
आई